ब्रांडलबाईंचं थरथरतं झाड

झाड आडवं झाल्यावरही त्याची पानं काही वेळ हलत राहतात, हे मला माहीत नव्हतं. करवत थांबली होती. माणसं हेल्मेटं काढून थर्मासमधली कॉफी ओतून घेत होती. आणि ब्रांडलबाईंच्या हिरवळीवर पडलेलं ते झाड, ती पिवळीधमक एस्पे, अजून थरथरत होती. वारा म्हणावा तर नव्हताच. तळ्यांकडून येते तेवढीच ओलसर झुळूक होती, आणि तेवढी तिला नेहमीच पुरायची.

मागच्या आठवड्यात बाईंचा फोन आला होता. "झाड आतून कुजलंय, रस्त्यावर पडेल म्हणतात. गुरुवारी पाडणार. तुझ्या बाबाचं झाड आहे, म्हणून कळवलं." मी फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात एक दिवसाची रजा टाकली, एर्लांगेनपर्यंत रेल्वेनं आले आणि तिथून बसनं या गावात. गाव सोडून मला सहा वर्षं झाली. बस तीच आहे. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करून सफरचंद खातो, तेही तसंच.

या गावात मी सात वर्षं राहिले. बाईंच्या शेजारच्या घरात, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी होती आणि जायला सायकल. गावाभोवती वाळूची जमीन, पाइनची झाडं आणि कार्प माशांची तळी. वसंतात शतावरीच्या कोंबांचे वाफे, आणि शरदात तळी उपसली की चिखलाचा वास सगळ्या गल्ल्यांतून फिरायचा. माझ्या बाल्कनीसमोर हे झाड होतं. पहिली तीन वर्षं मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. बाबा आले तेव्हा ते मला दिसलं.

बाबा दापोली तालुक्यातल्या एका सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधायचे. माझं सगळं लहानपण त्या नारळाच्या झापांच्या मांडवाखाली गेलं. जुलै महिना, बाहेर पाऊस, मांडवात आंब्याची कोवळी तांबूस रोपं ओळीनं मांडलेली, आणि बाबा पाटावर बसून एकामागून एक रोप छाटतायत, चिरतायत, काडी बसवतायत. ओल्या शेणखताचा, पिशव्यांच्या प्लास्टिकचा आणि आंब्याच्या चिकाचा वास. तो चीक बाबांच्या बोटांना कायमचा असायचा. त्यांनी लाडानं गालावर हात फिरवला की मला दोन दिवस पुरळ उठायचं आणि आई त्यांच्यावर करवादायची.

मी शेजारी बसून प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळायची. माझी गाठ हमखास सैल. बाबा काही बोलायचे नाहीत. मी दुसऱ्या रोपाकडे वळले की माझ्या पाठीमागून हळूच ती पट्टी सोडून पुन्हा बांधायचे. एकदा मी पकडलं. तेव्हा म्हणाले, "बांधलंस ते उत्तमच हो. मी आपलं जरा आवळलं." तीन आठवड्यांनी ते काडीच्या सालीवर नखानं ओरखडा काढून बघायचे. खाली हिरवं दिसलं की नुसतं "धरलंन" म्हणायचे. तपकिरी दिसलं तर पिशवी उचलून बाजूला ठेवायचे आणि त्या दिवशी जेवताना कमी बोलायचे.

आई गेली तेव्हा मी पुण्यात शिकत होते. नंतर मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले, मग इथं. बाबा निवृत्त झाले आणि घराच्या परड्यात स्वतःची चार कलमं बांधत एकटे राहिले. अशी वर्षं जातात. माणसं फोनवर जेवलीस का विचारतात, आणि आपण हो म्हणतो.

बाबा पहिल्यांदा आले ते मार्चमध्ये. नव्वद दिवसांचा व्हिसा. कोणाच्याही आईबाबांना मिळतो तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी अजून अंथरुणात, तर बाल्कनीतून हाक, "अगो, उठ! बाईच्या अंगणात सुरवंटांचा पाऊस पडलाय!" बघते तो सगळ्या हिरवळीवर करडे, मऊ, बोटाएवढे लोंबे. त्या झाडाला पान येण्याआधी तुरे येतात, आणि काम झालं की गळून पडतात. बाबा चपला घालून थेट शेजारच्या अंगणात. ना ओळख ना पाळख. सत्तरीच्या ब्रांडलबाई झाडू घेऊन बाहेर आल्या तेव्हा एक अनोळखी म्हातारा त्यांच्या झाडाच्या सालीला नख लावत होता. करड्या-हिरव्या सालीवर शंकरपाळ्यांसारख्या खुणा होत्या, त्यांवर तो बोट फिरवत होता. मग त्यानं सालीचा एक तुकडा तोंडात टाकला.

"कडू," ते मला म्हणाले. "ताप उतरवणारी असणार."

मी लाजेनं अर्धी झाले होते, तरी बाईंना ते जर्मनमध्ये सांगितलं. बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. माझी आजी तापात हिचाच काढा द्यायची. त्सिटरपापेल आहे ही, थरथरती. आम्ही एस्पे म्हणतो." मी 'बाबा, चला आता' म्हणत होते, म्हणून बाईंना वाटलं यांचं नावच बाबा. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. नावाआधी जर्मन 'डेअर' लावून: 'डेअर बाबा' आज काय म्हणतो, 'डेअर बाबा' कुठे आहे. बाबांचं इंग्रजी मोडकं, बाईंचं त्याहून मोडकं. पण दोघं रोज अकरा वाजता त्यांच्या ओसरीवर चहा प्यायचे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी तेव्हा ऑफिसात असायची.

एप्रिलच्या शेवटी पानं आली, आणि कपड्यांचा घोळ सुरू झाला. मी संध्याकाळी घरी यावं तर दोरीवरचे ओले कपडे सगळे आत, खुर्च्यांवर, दारांवर. "पाऊस आला ना," बाबा म्हणायचे. बाहेर लख्ख ऊन. त्या झाडाची पानं हलली की अगदी पत्र्यावर पडणाऱ्या सरीसारखा आवाज यायचा. कोकणातल्या माणसाचे हात त्या आवाजाला आपोआप दोरीकडे जायचे. फसवणूक कळल्यावरही ते कपडे आत आणतच राहिले. "उगाच विषाची परीक्षा कशाला," असं वर मलाच.

मग त्यांनी एक पान तोडून आणलं आणि मला स्वयंपाकघरात थांबवून दाखवलं. "हा देठ बघ. बोटांत फिरव. फिरतो का?" फिरत नव्हता. देठ गोल नव्हताच. फितीसारखा चपटा होता, आणि पानाला आडवा. "पिंपळाचा देठ लांब असतो, पण गोल. हिला देवानं पट्टी दिल्यान. जरा फुंकलं की हलणार. उभ्या जन्मात एक घटका स्वस्थ म्हणून बसायची नाही." ते पान त्यांनी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. मला सायकल काढायची घाई होती.

त्या वर्षी त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत एस्पेच्या काड्या लावल्या. शेवग्याची लावावी, पांगाऱ्याची लावावी, तशी फांदी तोडली आणि मातीत खोचली. कोकणात कुंपणाच्या मेढीलाही पालवी फुटते. ज्याचा हात लागला की सुकं लाकूड जगतं असा लौकिक, त्याला काडी न लागणं माहीतच नव्हतं. सगळ्या काड्या काळ्या पडल्या. बाबांनी एकेक उपटून, नखानं खरवडून बघितली. त्या दिवशी जेवताना ते गप्प होते. मला लहानपणची ती शांतता ओळखू आली आणि मी टीव्ही लावला.

दुसऱ्या वर्षी ते मेअखेर आले. तेव्हा बी सुटलं होतं. पांढरा कापूस, अंगणात, गटारात, माझ्या डाळीच्या पातेल्यातसुद्धा. त्यांनी तो कापूस गोळा करून बशीत पेरला आणि सवयीनं वर माती भुरभुरली. बी इतकं बारीक की त्या चिमूटभर मातीखाली गुदमरलं. राहिलेलं बी त्यांनी कागदात बांधून ठेवलं. पंधरवड्यानं उघडलं तर मेलेलं. "चार दिवसांचं धान्य बांधून देतात लेकराला, तेवढंही दिलं नाही हो हिनं," ते म्हणाले. मला हसू आलं. बाबा चिडत तेव्हा झाडांना असंच बोलत, आणि झाडांनाच.

गुपित उलगडलं ते बाईंच्या हिरवळीत. गवतात जागोजाग एस्पेचे कोंब उठायचे आणि बाई दर शनिवारी पुटपुटत कापायच्या. बाबांनी एक कोंब कापू दिला नाही. गुडघ्यांवर बसून हातानं वाळू उकरत गेले. कोंब एका आडव्या मुळावर होता. ते मूळ धरून ते रांगत रांगत पुढे, फुलांच्या वाफ्याखालून, फाटकाजवळून, थेट मोठ्या झाडापर्यंत. जवळजवळ अंगणभर. उठले तेव्हा कोपरापर्यंत मातीनं माखले होते आणि चेहरा असा, की आई असती तर दृष्ट काढली असती. "ही बियांची पोरं नव्हेत. सगळं एकच झाड आहे. खालून चाललंय." त्यांनी करंगळीएवढ्या जाड मुळाचे तुकडे केले, वाळूत आडवे निजवले, वर ओलं गोणपाट. तीन आठवड्यांत लालसर कोंब वर आले. बाबांनी माझ्या ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमध्ये होते. त्यांनी निरोप ठेवला होता, एकच शब्द: "धरलंन."

आता मी इथं उभी आहे आणि माणसं बुंध्याच्या चकत्या पाडतायत. लाकूड पांढरंशुभ्र, जवळजवळ बिनवासाचं. मधोमध मात्र तपकिरी भुगा, बोट घातलं तर आत जाईल असा. वरून काही दिसत नव्हतं. दर वर्षी पानं अशीच सोन्यासारखी व्हायची, बाई सांगतात.

आता ते लिहायला हवं जे टाळत इथवर आले.

नव्वद दिवस संपत आले की मला आतून हायसं वाटायचं. लाज वाटते, पण वाटायचं हे खरं. बाबा पहाटे पाचला उठून खाकरायचे. भांडी वाजवायचे. मी न खाता निघाले की जिन्यापर्यंत डबा घेऊन यायचे. रविवारी मी दार लावून वाचत पडले की दाराबाहेर येऊन उभे राहायचे, हाक न मारता. त्यांची सावली दाराखालच्या फटीत दिसायची. मी पान उलटायची नाही, म्हणजे मी जागी आहे हे कळू नये. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर त्यांना सोडून परतताना मी रेल्वेत पाय लांब करायची. घरी येऊन उभ्या उभ्या पातेल्यातूनच जेवायची. ती शांतता मला आवडायची. तिसऱ्या दिवशी ती खायला उठायची, हेही खरं. पण तोवर ते गेलेले असायचे.

खास परिस्थितीत आईवडिलांना कायम जवळ ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, असं मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं. मिळेलच अशी खात्री नाही. करता येतो इतकंच. मी कागद छापून घेतले होते. नाव, जन्मगाव, सगळं भरत गेले. मग एक रकाना आला: मायदेशी त्यांना दुसरं कोण आहे? खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. 'कोणी नाही' हे माझ्या अक्षरात लिहिलं असतं, तर पुढचं सगळं माझ्यावर आलं असतं. मी फाइल कपाटात ठेवली.

तिसऱ्या वर्षी ते सप्टेंबरात आले आणि त्यांनी झाडाचा तो रंग पाहिला जो इतके दिवस मी फोटोतून पाठवत होते. पिवळा म्हणजे किती पिवळा. सकाळचं ऊन त्यातून यायचं आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत हळदीची व्हायची. बाबा खुर्ची ओढून त्या भिंतीसमोर बसायचे. झाडाकडे पाठ, भिंतीकडे तोंड. ते त्या वर्षी थकले होते. जिना चढताना मध्ये थांबायचे आणि कठड्याचं लाकूड तपासल्यासारखं करायचे.

ऑक्टोबरात त्यांनी आणि बाईंनी मुळापासून वाढवलेली तीन रोपं तळ्याकाठी नेऊन लावली. उपसलेलं तळं, चिखलात चमकणारे मासे, रबरी बूट घातलेली माणसं. बाबा परत आले ते थंडीनं काकडून. मी गरम पाणी काढून दिलं. मोरीशी उभे राहून नखांतली माती काढत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"इथं मला ठेवून घेता येत नाही का गो?"

आम्ही बाप-लेक असं काही एकमेकांना विचारणाऱ्यातले नव्हतो. मी कांदा चिरत होते. चिरतच राहिले.

"नियमच नाही बाबा. नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. इथं काही चालत नाही."

"कसलाच इलाज नाही?"

"नाही."

"हां," ते म्हणाले. "नियम तो नियम." मग हात पुसून त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा चिरून दिला. अगदी बारीक, एकसारखा. कलमाचा हात होता तो.

पुढच्या मार्चचं तिकीट काढलेलं होतं. बाबांनी फेब्रुवारीतच वाडीभर सांगून टाकलं होतं, लेकीकडे चाललो. त्यांना निघायची घाई फार. म्हणून त्यांचं दार तीन दिवस बंद राहिलं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. म्हातारा गेला जर्मनीला, सुखात आहे, असं म्हणत लोक दारावरून जात होते. चौथ्या दिवशी शेजारच्या काकूंना परड्यातली कलमं माना टाकलेली दिसली. सांगून गेल्याशिवाय हा माणूस झाडं अशी टाकायचा नाही, म्हणून त्यांनी दार उघडायला लावलं. मी पोचले तेव्हा आंब्याला मोहोर होता. इतका दाट, की त्या वासात मला दुसरं काही आठवत नव्हतं. वाडीतली माणसं मला धीर देत होती. "तुझ्याकडेच यायला निघाला होता हो," असं प्रत्येक जण म्हणत होता. त्यांना वाटत होतं, मला बरं वाटेल.

त्याच वर्षी मी हे गाव सोडलं.

माणसं ट्रकमध्ये फांद्या भरून गेली. हिरवळीवर बुंधा आणि भुसा राहिला. "आता बघ गंमत," बाई म्हणाल्या. "बाबानं सांगून ठेवलंय मला. मोठं झाड आहे तोवर पोरं दबून असतात. ते तोडलं की वसंतात शंभर उठतील. आल्झो, म्हणजे माझं उरलेलं आयुष्य गवत कापण्यात जाणार." बाई आता काठी घेतात. मला हाताला धरून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं. आलुबुखारचा केक केला होता, वर दालचिनी. खिडकीतून जिथं पिवळं दिसायचं तिथं आता पलीकडच्या घराचं छप्पर दिसत होतं. आम्ही दोघी त्या छपराकडे बघत खात होतो.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं विचारायचं राहिलं. त्या अर्जाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"बाबाच्या राहण्याच्या. मीच तर त्याला माझ्या गाडीतून व्हिसाच्या ऑफिसात नेलं होतं. तू कामावर होतीस. तळ्याकाठी रोपं लावली ना आम्ही, त्याच्या आदल्या दिवशी. तिथली मुलगी फार चांगली होती, तिनं त्याला इंग्रजीत नीट समजावलं. अर्ज करता येतो म्हणाली, पण तो त्याच्या मुलीनं करायचा. तो इतका खूश होता. येताना गाडीत गात होता काहीतरी."

मी काटा बशीत ठेवला. आदल्या दिवशी. म्हणजे मोरीशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी नाही म्हणाले, तेव्हाही.

"मग मी पुढच्या आठवड्यात विचारलं त्याला, काय झालं? तर म्हणाला, मुलगी लिहिते आहे. रोज ऑफिसातून येऊन लिहिते. फार लिहावं लागतं." बाईंनी हातानं लिहिण्याची खूण केली, बाबांनी केली असेल तशी. "जायच्या दिवशीही तेच. डॉटर रायटिंग, डॉटर रायटिंग. मला म्हणाला, तिला विचारू नका, बिचारी दमते."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाकारला ना त्यांनी?"

खरं सांगता आलं असतं. ऐकायला त्या एकट्याच होत्या, आणि रागावून रागावून किती रागावल्या असत्या. पण बाबांनी या घरात, या टेबलापाशी बसून, त्या मोडक्या इंग्रजीत माझी अब्रू राखली होती.

"हो," मी म्हणाले. "नाकारला."

ब्रांडलबाईंनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग त्या ऑफिसला, तिथल्या कागदांना आणि दगडाच्या काळजाच्या माणसांना त्यांनी आपल्या गावच्या बोलीत चार अस्सल शिव्या घातल्या. मान खाली घालून मी एकेक ऐकून घेतली.